‘पोलिसी खाक्या दाखवताच...’ : एका कबुलीचा दीडशे वर्षांचा इतिहास



मराठी वर्तमानपत्रातल्या गुन्हेवृत्तात एक वाक्य हमखास सापडतं. ‘संशयिताला ताब्यात घेऊन पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्या वेळा वाचलंय की आता त्यावर नजर थांबतही नाही. चहाचा घोट घेतो आणि पान उलटतो.

आज जरा थांबू या. या एका वाक्यात दोन गोष्टी सांगितल्यात. पहिली म्हणजे पोलिसांनी त्या माणसाला मारलं, निदान मारण्याची भीती तरी घातली. दुसरी म्हणजे तो कबूल झाला आणि प्रकरण सुटलं. आता तिसरी गोष्ट, जी बातमीत कधीच नसते: त्या कबुलीची कोर्टातली किंमत शून्य आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, असं आपला कायदा १८७२ पासून सांगतोय. त्याच्याही आधी, १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच हा नियम आला होता.

मग जी गोष्ट कोर्टात चालतच नाही, ती मिळवण्यासाठी दीडशे वर्षं एवढी मारहाण कशासाठी?

माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रातलं आणि पीएच.डी. न्यायसहायक विज्ञानाच्या इतिहासावर. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने ‘भारतातील रासायनिक पुराव्याचा विकास’ असा काहीतरी सिनॉप्सिस लिहून नेला होता. मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘आधी हे शोध की तुझ्या रसायनांची गरज कुणाला होती आणि कुणाला नव्हती.’ वरचा प्रश्न मला तिथून भेटला. पेट, नेट-सेटचा अभ्यास करणाऱ्या किंवा विषय शोधत असलेल्या तुमच्यासाठी तो इथे मांडते. यात पोलिसांचा इतिहास आहे, पण प्रामाणिकपणा माणसाच्या अंगात असतो की व्यवस्थेत, हा प्रश्नही आहे. आणि तो उद्या तुमच्या प्रयोगशाळेतही येणार आहे.

मद्रास, १८५५

जुलै १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेत एक अवघड विषय निघाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात सरकारी नोकर रयतेचा छळ करून शेतसारा वसूल करतात, असा आरोप झाला. कंपनीला चौकशी करणं भाग पडलं. सप्टेंबरमध्ये तीन जणांचा आयोग नेमला गेला: इलियट, स्टोक्स आणि जॉन ब्रूस नॉर्टन. तिघेही युरोपीय. एप्रिल १८५५ मध्ये त्यांचा अहवाल तयार झाला.

तक्रार द्यायला मुदत थोडी होती आणि अंतरं लांबची. तरीही ५१९ माणसं स्वतः येऊन उभी राहिली आणि १,४४० पत्रं आली. एकूण १,९५९ तक्रारी. रेल्वे नसलेल्या काळात, ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची त्यांच्याच राज्यात, ही माणसं आली. आकडा वाचताना हे लक्षात ठेवा.

छळाच्या पद्धतींना नावं होती. ‘किट्टी’ म्हणजे बोटं किंवा शरीराचा नाजूक भाग चिमटीत धरून दाबायचं लाकडी साधन. ‘अनुंदाल’ म्हणजे माणसाला ओणवं वाकवून त्याच स्थितीत बांधून ठेवायचं, उन्हात, तासन्‌तास. एखाद्या गोष्टीला सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव असतं तेव्हा ती अपवादाने घडत नसते. ती रीत असते. आपल्याकडच्या ‘पोलिसी खाक्या’मधल्या ‘खाक्या’चा अर्थही तोच, ठरलेली रीत.

आयोगाने एक महत्त्वाची गोष्ट पकडली. सारा वसूल करणारा आणि गुन्ह्याचा तपास करणारा हा एकच नोकर होता. तहसीलदार आणि त्याच्या हाताखालची माणसं सकाळी सारा गोळा करत आणि संध्याकाळी चोर शोधत. दोन्ही कामांत हत्यार एकच. साऱ्यासाठी जे चालतं ते कबुलीसाठीही चालतं. आणि लाचेसाठी तर चालतंच, कारण ज्याच्याकडे मारण्याचा अधिकार आहे तो न मारण्याचीही किंमत घेऊ शकतो. भ्रष्टाचार आणि मारहाण हे दोन वेगळे रोग आहेत असं आपण धरून चालतो. मद्रासच्या कागदांतून दिसतं की ते एकाच अधिकाराचे दोन उपयोग आहेत.

आता संशोधक म्हणून एक सावधगिरी. हा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा भारावून गेले होते. केवढा प्रामाणिक आयोग, स्वतःच्याच सरकारची लक्तरं मांडली! दुसऱ्या वाचनात दिसलं की लक्तरं मांडली खरी, पण ती कुणाची, हे काळजीपूर्वक ठरवून. दोष सगळा ‘नेटिव्ह’ कनिष्ठ नोकरांचा. युरोपीय अधिकारी मात्र छळाच्या विरोधात, आणि रयतेलाही हे माहीत आहे, असा निर्वाळा. मग साऱ्याचा आकडा कोण ठरवत होतं? तो वेळेत आला नाही तर तहसीलदाराला जाब कोण विचारत होतं? वसुली पूर्ण झाल्यावर ती कशी झाली हे कुणी विचारलं नाही, ही जबाबदारी कुणाची? कार्ल मार्क्सने १८५७ साली न्यूयॉर्क डेली ट्रिब्यूनमध्ये याच अहवालावर लेख लिहिला, तेव्हा त्याचाही रोख वरच्यांच्या जबाबदारीकडेच होता.

चौकशी अहवाल हाताळताना ही सवय लावून घ्या: आकडे आणि जबाब एका बाजूला, निष्कर्ष दुसऱ्या बाजूला. अहवालातली माहिती खरी असते आणि तरीही निष्कर्ष वरच्याला वाचवणारा असू शकतो.

अविश्वासाचा कायदा

१८५७ च्या उठावानंतर कंपनी गेली, राणीचं राज्य आलं. १८६० मध्ये पोलीस आयोग नेमला गेला आणि १८६१ चा पोलीस कायदा झाला. सारावसुली आणि पोलीस ही कामं वेगळी झाली. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कबुलीबद्दलचा नियम आला, आणि १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुराव्याचा कायदा लिहिला तेव्हा तो कलम २५, २६ आणि २७ मध्ये जाऊन बसला.

सोप्या भाषेत सांगते. कलम २५: पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. कलम २६: पोलीस कोठडीत असताना दुसऱ्या कुणाला दिलेली कबुलीही चालणार नाही, दंडाधिकारी समक्ष हजर असेल तरच चालेल. कलम २७: मात्र आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग सिद्ध करता येईल. हे शेवटचं कलम लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

गंमत अशी की इंग्लंडमध्ये असा नियम नव्हता. तिथे पोलिसांपुढे दिलेली कबुली स्वेच्छेची असेल तर चालत होती. म्हणजे हिंदुस्थानच्या पोलिसांवर त्यांच्याच सरकारने खास अविश्वास दाखवला. या अविश्वासात वर्णाचा अहंकार होताच. पण त्यामागे एक अनुभवही होता. स्टीफन यांनी १८८३ मध्ये इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचा इतिहास लिहिला. त्यात ते एका अनुभवी अधिकाऱ्याचं बोलणं नोंदवतात. छळाचं कारण म्हणजे मुख्यतः आळस, असं त्याचं म्हणणं. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कुणाच्या तरी डोळ्यांत तिखट चोळणं सोपं.

हे वाक्य वाचून अंगावर काटा येतो, पण त्यात एक निदान आहे. तिथे क्रौर्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही, श्रम वाचवण्याबद्दल म्हटलंय. मग उपायही त्याच जातीचा हवा. ‘पोलिसांनो, दयाळू व्हा’ असं सांगून काम वाचवणारा थांबत नाही. जे काम वाचवून मिळवलं त्याची किंमतच काढून घेतली, तर कदाचित थांबेल. कलम २५ ने हेच केलं. तुम्ही कबुली कशी मिळवली याची चौकशी ते करतच नाही. ती सरळ स्वीकारतच नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचं वाटायला हवं. डबल ब्लाइंड चाचणीत औषध कोणतं आणि साखरेची गोळी कोणती हे डॉक्टरलाही सांगत नाहीत. कारण डॉक्टर लबाड आहे म्हणून नाही. ज्याला निकाल हवाहवासा आहे त्याच्या नजरेला तो दिसायला लागतो, म्हणून. कलम २५ हे तपासातलं ब्लाइंडिंग आहे. अधिकाऱ्याची सचोटी मोजत बसण्यापेक्षा तिच्यावर अवलंबून राहायची वेळच येऊ न देणं.

मागचं दार

मग खाक्या थांबला का? नाही. तुम्ही वर्तमानपत्र वाचता, तुम्हाला माहीत आहे.

कारण कलम २७. समजा आरोपी म्हणाला, ‘मी सुरा छपरात लपवलाय, काढून देतो, त्याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकलं.’ पोलीस त्याला घेऊन गेले आणि छपरात सुरा सापडला. यातलं किती वाक्य कोर्टात चालेल? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या या खटल्यात (निकाल डिसेंबर १९४६ चा, पण १९४७ चा म्हणून उद्धृत होतो) जवळपास याच उदाहरणाने समजावलं. सुरा तिथे आहे हे त्याला माहीत होतं, एवढंच चालेल. त्याने भोसकलं, हा भाग चालणार नाही, कारण सुरा सापडल्याने ते सिद्ध होत नाही.

तर्क स्वच्छ आहे. माणूस मार चुकवण्यासाठी खोटं बोलेल, पण छपरातला सुरा खोटं बोलत नाही. मात्र या तर्काने एक गृहीत धरलंय: सुरा तिथे आरोपीनेच ठेवलेला होता आणि पोलीस तिथे पहिल्यांदाच गेले.

व्यवहारात काय होतं ते पाहा. आधी निवेदनाचा पंचनामा होतो: दोन पंचांसमक्ष आरोपी म्हणतो की मी वस्तू काढून देतो. मग सगळे जीपमध्ये बसून जातात. वस्तू मिळते, जप्तीचा पंचनामा होतो, सह्या होतात. कागदावर यात खोट दिसत नाही. पण पंच कोण? तर पोलीस ठाण्यासमोरचा पानवाला, ज्याची टपरी ठाण्याच्या मर्जीवर चालते. किंवा आधीही अनेक पंचनाम्यांवर ज्याची सही आहे तो गृहस्थ. नेहमीच्या पंचांवर न्यायालयांनी अनेकदा ताशेरे ओढलेत. आणि पंच कोर्टात ‘मला कोऱ्या कागदावर सही करायला सांगितलं’ म्हणून उलटला, की अख्खा खटला कोसळतो. खरा गुन्हेगारही सुटतो.

म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लागलं, तेव्हा मागचं दार जास्त वापरात आलं. आता मारहाण कबुलीसाठी राहिली नाही, ‘काढून देण्या’साठी झाली.

पोलीस नीतिशास्त्रात याला एक नाव आहे. लाच खाणारा अधिकारी आपल्याला लगेच ओळखू येतो. पण ‘हाच गुन्हेगार आहे, माझी खात्री आहे, फक्त पुरावा कमी पडतोय’ म्हणून सुरा पेरणारा अधिकारी? त्याने खिशात एक रुपयाही टाकलेला नाही. याला उदात्त हेतूचा भ्रष्टाचार म्हणतात. कार्ल क्लॉकर्स या अभ्यासकाने १९८० साली ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाच्या नावावरून हा पेच मांडला: चांगल्या हेतूसाठी घाणेरडं साधन वापरावं का? त्यांच्या विश्लेषणातली कळीची गोष्ट म्हणजे अशा वेळी अधिकारी समोरच्याचा गुन्हा गृहीतच धरून चाललेला असतो. चित्रपटात प्रेक्षकाने गुन्हा पाहिलेला असतो. ठाण्यात तो कुणीच पाहिलेला नसतो.

अठराशे बहात्तरनंतर तीस वर्षांनी

लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नवा पोलीस आयोग नेमला. त्याचा १९०३ चा अहवाल सरकारने दोन वर्षं दाबून ठेवल्यासारखाच ठेवला, १९०५ मध्ये बाहेर आणला. कारण उघड होतं. पोलीसदल अकार्यक्षम आहे, प्रशिक्षण अपुरं आहे, वरून देखरेख नाही, आणि लोक त्याला भ्रष्ट आणि जुलमी समजतात, असं आयोगाने साफ लिहिलं होतं.

महत्त्वाचं हे की आयोग केवळ शिपायांना शिव्या देऊन थांबला नाही. जगण्यापुरता पगार द्या, फौजदारपदावर थेट भरती करा, प्रशिक्षण शाळा काढा, अशा शिफारशी त्याने केल्या. आपल्याकडे १९०६ मध्ये पुण्यात भांबुर्ड्याला (आजचं शिवाजीनगर) पोलीस प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि ती नंतर नाशिकला गेली. नाशिकची आजची पोलीस अकादमी ती हीच.

इथे शिपायाच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. आजही गुन्ह्याचा तपास करणारा अंमलदार आणि गणपतीच्या मिरवणुकीत बारा-चौदा तास उभा राहणारा अंमलदार बहुतेकदा एकच असतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात दिला. सात आदेशांपैकी तो एक. मद्रासच्या आयोगाने १८५५ मध्ये ‘सारा आणि तपास वेगळे करा’ म्हटलं होतं. दोन कामांचं ओझं एकाच पाठीवर टाकलं की माणूस कुठलं तरी काम आखूड करतो, आणि आखूड होतो तो तपासच. वरून साहेब विचारतात, ‘डिटेक्ट झालं का?’ ‘कसं झालं?’ हा प्रश्न क्वचित येतो.

विज्ञान काय करणार होतं

आता माझ्या विषयाकडे येते. मद्रासमध्ये १८४९ पासून सरकारी रासायनिक परीक्षक होता, मुख्यतः विषप्रयोगाच्या तपासासाठी. १८९७ मध्ये कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला, जगातला पहिला. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचं मोठं काम केलं, पण ती पद्धत ओळखली जाते वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. (श्रेय कुणाच्या नावावर जातं, हा संशोधनातल्या सचोटीचाच प्रश्न. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.)

आशा अशी होती की वस्तू बोलू लागल्या की माणसाला बोलतं करायची गरज संपेल. मी स्वतः याच श्रद्धेने या विषयात आले होते. पण झालं असं की विज्ञानालाही आपण कबुलीच्याच कामाला लावलं. नार्को चाचणी म्हणजे काय? सोडियम पेंटोथाल टोचून माणसाला अर्धवट शुद्धीत बोलायला लावणं. मेंदूच्या विद्युत लहरींवरून ‘अनुभवाची खूण’ शोधणारी बीईओएस चाचणीही आली, आणि २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात तिचा आधार घेऊन शिक्षाही सुनावली. जगभरच्या वैज्ञानिकांनी तेव्हा भुवया उंचावल्या, कारण या तंत्राची स्वतंत्रपणे पडताळणीच झालेली नव्हती.

शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. संमतीने केली तरी तिचा निकाल हा पुरावा नाही. मात्र संमतीने झालेल्या चाचणीतून पुढे काही सापडलं, तर ते कलम २७ खाली चालू शकेल. म्हणजे फिरून पुन्हा त्याच मागच्या दाराशी.

पांढरा कोट घातला म्हणून खाक्या बदलत नाही, हे मला या अभ्यासात शिकायला मिळालं. मला ते जड गेलं.

हुद्द्यावर विश्वास

१९८७ च्या टाडा कायद्याने पहिल्यांदा मोठा अपवाद केला. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कर्तार सिंह खटल्यात ही तरतूद वैध ठरवली, पण पाचपैकी दोन न्यायमूर्तींचा तिला विरोध होता. टाडा १९९५ मध्ये संपला. १९९९ मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का आणला आणि त्याच्या कलम १८ मध्ये तीच सवलत दिली. २००३ मध्ये मलिमथ समितीने तर सर्वच गुन्ह्यांसाठी असं करावं, ध्वनिचित्रमुद्रण करून घ्यावं, अशी शिफारस केली.

या सगळ्यामागचं गृहीतक एकच: कनिष्ठ शिपाई मारतो, वरिष्ठ साहेब मारत नाही. १८५५ च्या अहवालात ‘युरोपीय’ होता, आता त्या जागी ‘अधीक्षक’ आला.

याची किंमत काय असते? ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. मोक्काखाली खटला चालला, आणि त्यात आरोपींच्या कबुलीजबाबांना मोठं महत्त्व होतं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, छळाचा आरोप ग्राह्य वाटतो, आणि वेगवेगळ्या जबाबांचे काही भाग एकसारखे, उतरवून घेतल्यासारखे आहेत, असं न्यायालयाने म्हटलं. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडलं नाही.

यात कोण खरं, हे या लेखात ठरवायचं नाही. मला एवढंच दाखवायचंय की एकोणीस वर्षांनंतर, ज्यांचं माणूस त्या डब्यात गेलं त्यांना काय झालं हे कळलेलं नाही, आणि ज्यांची एकोणीस वर्षं तुरुंगात गेली त्यांना ती परत मिळणार नाहीत. कबुलीवर उभी केलेली इमारत अशी असते. ती पडते तेव्हा दोन्ही बाजूंच्या माणसांवर पडते.

आणि एक लक्षात घ्या. तो ‘उतरवून घेतल्यासारखे’ हा मुद्दा कसा हाती लागला? जबाब शेजारी-शेजारी ठेवून वाचल्यावर. कागद वाचण्याची जी साधी शिस्त आपण एम.ए., एम.एस्सी.ला शिकतो, तिच्यावर माणसांचे जीव टांगलेले असू शकतात.

तुमच्या टेबलाशी

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा कायदा गेला आणि भारतीय साक्ष अधिनियम आला. जुनी तीन कलमं आता कलम २३ मध्ये एकत्र आहेत. मागचं दार परंतुकाच्या रूपाने शाबूत आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवा, चित्रण शक्यतो १८ महिने जपून ठेवा, असं सांगितलं. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता द्यायची अजून राहिली आहे.

‘वसाहतवादी कायद्याने आमच्यावर दाखवलेला अविश्वास स्वतंत्र देशाने का चालवायचा?’ असा पोलिसांचा प्रश्न असतो. तो रास्त आहे. त्यावर मला सुचलेलं उत्तर असं: अविश्वास काढायला हरकत नाही, पण तो फक्त पोलिसांवर होता म्हणून टोचतो. तो सगळ्यांवर सारखा लावू या. वरिष्ठांवर, पंचांवर, प्रयोगशाळेवर, माझ्यावर.

कारण माझ्यावरही तो हवाच आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये माझी तीन वाचनं आलेखाच्या रेषेवर बसत नव्हती. प्रयोग पुन्हा करायला दोन दिवस लागणार होते, सबमिशन उद्या होतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने सहज सुचवलं, ‘अगं, ती तीन काढून टाक ना, कोण बघतंय?’ मी काढली. उत्तर बरोबर काय यायला हवं ते मला ‘माहीत’ होतं, मग हरकत काय? आज स्टीफनच्या त्या अधिकाऱ्याचं बोलणं वाचते तेव्हा ती दुपार आठवते. उन्हात हिंडायचं टाळून मीही सावलीतच बसले होते. फरक एवढाच की माझ्या टेबलावर माणूस नव्हता.

म्हणून विषय निवडण्याआधी, गाइड ठरवण्याआधी, स्वतःसाठी तीन सवयी ठरवा. निष्कर्ष काय यावा असं मनातून वाटतंय ते आधीच वहीत लिहून ठेवा, म्हणजे नंतर स्वतःला पकडता येईल. न बसणारी वाचनं पुसू नका, ती का बसत नाहीत ते लिहा. आणि तुमचा ‘पंच’ म्हणून अशा माणसाला घ्या ज्याची टपरी तुमच्या मर्जीवर चालत नाही.

उद्या सकाळी पेपरात ते वाक्य पुन्हा दिसेल. ‘पोलिसी खाक्या दाखवताच...’ तिथे पान उलटू नका. बातमी शेवटपर्यंत वाचा आणि बघा, कबुलीशिवाय त्यांच्याकडे दुसरं काय आहे.